केळीच्या घडांत निजलेलं पिलू

त्या हिवाळ्यात आमच्या मळ्यात दोनच काळज्या होत्या, एक केळीच्या बागेची आणि दुसरी कुत्र्याच्या दीड महिन्याच्या एका पिलाची. माझे सासरे, म्हणजे आबा, जन्मभर केळीत वावरलेले. त्यांनी दोन्हींवर एकच इलाज काढला.

पिलू मला शाळेतून येताना रस्त्याच्या कडेला सापडलं होतं. मी शिक्षिका, त्यामुळे घरात माझा थोडाफार शब्द चालतो. पण त्या दिवशी आबा पिलाकडे बघून एवढंच म्हणाले, "हे जगत नही." असं म्हणून मोकळे झाले आणि स्वतःच त्याच्यासाठी गोणपाट शोधायला गेले.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली. कफ आहे, औषध देतो, पण पुन्हा गारठा लागला तर वाचायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. थंड फरशीवर झोपवू नका, आंघोळ घालू नका, पाणी कोमट द्या, अंग कोरडं ठेवा, वाऱ्याला आडोसा करा. मी सगळं वहीत लिहून घेतलं. आबा मान डोलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे केळीसारखंच व्हय."

याचा अर्थ मला संध्याकाळी कळला. आमच्याकडे थंडी पडली की केळी काळवंडू नयेत म्हणून अख्ख्या घडाला निळी पिशवी घालतात, कापडासारखी मऊ, दोन्हीकडून उघडी. आबांनी तसली एक पिशवी कापली, पायांसाठी चार भोकं पाडली, आत माझ्या जुन्या स्वेटरची बाही घातली आणि पिलाला चढवली. पिलू दोन पावलं चाललं आणि आडवं झालं. उठलं, दोन पावलं चाललं, पुन्हा आडवं झालं. मी हसून हसून ओट्यावर बसकण मारली.

"हासू नको," आबा गंभीरपणे म्हणाले. "त्याले आता वारं लागत नही."

आणि खरंच लागलं नाही. आठ दिवसांत खोकला निम्म्यावर आला. पिलू दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागलं आणि निळ्या अवतारात अंगणभर धडपडू लागलं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. आबा त्यांना पिशवीचे फायदे समजावून सांगायचे, आणि मी माझ्या स्वेटरचं नाव घेतलं की विषय बदलायचे.

मग बागेची कापणी आली. रविवार होता. सकाळच्या उन्हात निळ्या पिशव्यांतले घड रचून ठेवले होते, लहान घडांचे क्रेट बाजूला होते. मजुरांनी सगळा माल ट्रकवर चढवला आणि ट्रक निघून गेला. मी कोमट दूध घेऊन बाहेर आले, हाका मारल्या. दूध निवलं तरी पिलू येईना. गोठा बघितला, चुलीमागे बघितलं, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बघितलं. आबा मात्र क्रेट ठेवले होते त्या रिकाम्या जागेकडे टक लावून उभे होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्याले भरून दिलं वं आपण."

ऊन खात ते क्रेटमध्ये चढून निजलं असणार, आणि निळ्यात निळं कोणाला दिसणार? मागून उघडा ट्रक, हायवेचं वारं आणि ती छाती.

आबा आजवर माझ्या स्कूटरवर बसले नव्हते. सुनेच्या मागे बसून गावातून जायचं म्हणजे काय! त्या दिवशी ते माझ्याआधी जाऊन सीटवर बसले होते. मुक्ताईनगरच्या रस्त्याला लागलो तसे मागून हुकूम सुटू लागले. पळव. हॉर्न दे. कापसाच्या गाडीला मागे टाक. फाट्यावर एका ओळखीच्या माणसाने विचारलं, "आबा, कुठं?" आबा म्हणाले, "पिलू केळीत गेलं." त्या बिचाऱ्याला काय कळलं देव जाणे, त्याने हात जोडले. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. स्कूटर मात्र जन्मात पळवली नाही एवढी पळवली.

ट्रक वजनकाट्याच्या रांगेत सापडला. स्कूटर थांबायच्या आत आबा उतरले.

"काय आबा, माल कमी पडला का?" ड्रायव्हरने विचारलं.

"माल नही, माझं पिलू दे," आबा म्हणाले, आणि सत्तरीतला तो माणूस चाकावर पाय देऊन वर चढला सुद्धा.

तिसऱ्या क्रेटमध्ये ते सापडलं. खाली सुका पाला, दोन्ही बाजूंना घड, वाऱ्याला पक्का आडोसा, आणि एका केळ्यावर हनुवटी टेकून पिलू ढाराढूर झोपलेलं. हिवाळ्यात त्याला इतकी उबदार जागा आम्ही दिलीच नव्हती. रांगेतले सगळे ड्रायव्हर जमले, फोटो काढले गेले, कोणीतरी चहा आणला. डोळ्यांतलं पाणी पुसत मी वेड्यासारखी हसत होते.

परतताना आबांनी पिलाला आपल्या आणि माझ्या मध्ये धरलं. जाताना पळव म्हणणारा माणूस आता दर खड्ड्याला हळू म्हणत होता. थोडं पुढे आलो आणि पाठीला थरथर जाणवू लागली. बारीक, न थांबणारी. डॉक्टरांचे शब्द आठवले. स्कूटर कडेला घेतली आणि वळून पाहिलं.

पिलू आबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं होतं आणि गाढ झोपलं होतं. आबा नुसत्या पातळ सदऱ्यावर बसले होते आणि थंडीने त्यांचे दात वाजत होते.

मी माझी शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी ती ओढून घेतली आणि तिचं एक टोक पिलावर घातलं.

"मले काही नही झालं," ते म्हणाले. "तू चालव."