पापणीवरचा भंडारा

वहिनींच्या डोळ्याला जे झाले त्यात माझा हात होता, हे मी वर्षभर एका डॉक्टरांखेरीज कोणालाही सांगितले नाही.

आईमागे वहिनींनीच मला वाढवले. नारायणगावात त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा थोरले बंधू हयात नव्हते. म्हणून पथ्ये मीच ऐकून घेतली. डोळ्याला पाणी, धूळ, हात लागू द्यायचा नाही. डोळा ठणकला, लाल झाला किंवा अंधूक दिसू लागले, तर लगेच यायचे. मी मान डोलावली. पण आमचे घराणे मेंढरांमागे फिरलेले. मेंढराला रोग होवो की माणसाला ताप येवो, खंडोबाचा भंडारा लावल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. रविवारी मी देवळातून आलो तेव्हा वहिनी निजल्या होत्या. डोळ्यावरची प्लॅस्टिकची वाटी हलकेच उचलून मी पापणीला भंडारा लावला. थोडा आत सांडला. घाबरून तो खांद्यावरच्या टॉवेलने पुसला आणि वाटी पुन्हा चिकटवली.

मंगळवारी सकाळी वहिनी डोळा धरून बसल्या. "भावजी, लई ठणकतंय. समदं धुक्यावानी दिसतंय."

आमच्या डिंभ्याच्या स्टँडवर एसटी येईना. देवाचे नाव घ्यायलाही मला तोंड उरले नव्हते. तेवढ्यात धरणावरची मासळी नेणारा एक टेम्पो आपणहून थांबला. चालक अनोळखी होता. वहिनींच्या डोळ्यावरची वाटी पाहून तो म्हणाला,

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना? मग एसटीची काय वाट बघताय, पावणं? माज्या आईचा डोळा असाच, उद्या जाऊ म्हणता म्हणता गेला. बसा."

"मासळीचा लई वास हाय रं बाबा," वहिनी कण्हत म्हणाल्या.

"मासळी तुमाला नाकं मुरडत न्हाई, मावशी. तुमी कशाला मुरडता?"

माल उतरवायलाही न थांबता त्याने आम्हांला दवाखान्याच्या दारात सोडले. मी मागे वळेपर्यंत टेम्पो निघून गेला होता.

डॉक्टर म्हणाले, "नुसती सूज नाही, आत संसर्ग झालाय. आज आलात म्हणून उपाय करता येतोय." डोळ्यात काही गेले का, असे त्यांनी विचारले. वहिनी म्हणाल्या, "न्हाई." त्यांना बाहेर बसवून आल्यावर मी खरे सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. "याच्यामुळेच झालं, असं खात्रीनं सांगता येत नाही. काळजी घेऊनही कधी कधी होतं. पण हात लावायला नको होता."

त्यांच्या त्या पहिल्या वाक्याच्या आड मी लपून राहिलो.

डोळ्यात औषधाचे इंजेक्शन दिले गेले. दृष्टी वाचली, किंचित धूसरपणा तेवढा राहिला. मात्र वहिनींनी मनाशी धरले, की आपल्याच हातून काही चुकले आणि देव कोपला. त्या दर रविवारी निरंकार उपास करू लागल्या. माझा दोष त्या आपल्या माथी घेत होत्या, शिक्षाही स्वतः भोगत होत्या, आणि मी पाहत होतो. भंडारा मी श्रद्धेने लावला, असे मला वाटे. आता कळते, तो माझा उतावळेपणा होता. देवावर सोपवले म्हणणाऱ्याने आपला हात मागे घ्यायचा असतो. तरीही देवाने माझ्यासाठी टेम्पो थांबवला. हे ऋण मी कसे मानू?

यंदा चंपाषष्ठीला वहिनी देवळाच्या पायरीशीच थांबल्या. "तुमी जावा. माज्यावर देव रुसलाय."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. भोवती माणसे होती, तरी मोठ्याने बोललो.

"वहिनी, देव न्हाई रुसला. तुमी निजला व्हता तवा तुमच्या डोळ्याला भंडारा मी लावला, आन टॉवेलनं पुसला बी मीच. तुमचं काय बी चुकलं न्हाई. मला माफ करा."