पाठ, नग एक

"गाद्या दोन. तांब्याची घागर एक. स्टोव्ह एक. पाठ, नग एक."

कारभारी प्रवासाच्या सामानाची यादी वाचत होते. पाठ म्हणजे मी.

सतरा वर्षांची होते. उत्तरेतल्या एका मराठी संस्थानात, लष्कर नावाच्या पेठेत, एका सरदारांच्या कोठीत, म्हणजे वाड्यात, कामाला. सरदारांच्या मुलीचे, ताईसाहेबांचे, पाय लहानपणी तापात गेले होते. त्यांना पाठीवर घ्यायचं, हे माझं काम. पलंगावरून न्हाणीत, न्हाणीतून गच्चीवर, बग्गीत, देवळात. अकराव्या वर्षापासून हेच. मला नाव होतं. कोठीत ते कुणी घेतलं नाही. "पाठीला हाक मार," म्हणायचे.

संस्थान विलीन झालं ते साल. पूर्वी सरदारांना प्रवासाला राखीव डबा मिळायचा, पडदे लावलेला. बग्गी थेट फलाटावर जायची. ते बंद झालं. आता सगळ्यांसारखी तिकिटं, सगळ्यांसारखा स्टेशनातला पायऱ्यांचा पूल. आणि कोठीला कुलदैवताला जायचं होतं, जेजुरीला. ताईसाहेबांचं लग्न जमत नव्हतं म्हणून. डोली करायची नाही, असं आईसाहेबांनी ठरवलं. चार परक्या गड्यांच्या खांद्यावर सरदारांची लेक लोकांना दिसली तर? पाठीवर घेतलं, वरून शाल टाकली, की फारसं कळत नाही.

शाल टाकली की मीही दिसत नाही.

त्या यादीच्या आदल्या दिवशी मी आईसाहेबांकडे एक मागणं मागितलं होतं. आयुष्यातलं पहिलं. माझा भाऊ बाळू, दहा वर्षांचा. त्याचेही पाय तसल्याच तापानं गेलेले. आमच्या आईनंही त्याच देवाला नवस बोललेला. कोठीमागच्या खोलीच्या बाहेर बाळू कधी गेला नव्हता, कारण त्याला न्यायची पाठ दिवसभर कोठीत असायची. मी म्हटलं, "बाळूलाही येऊ द्या. आम्ही दोघं तिसऱ्या वर्गात बसू. ताईसाहेबांना गडावर पोचवून मी परत खाली येईन, त्याला नेईन."

आईसाहेब हसल्या. "दोन दोन पांगळी एका दारात? देव घाबरेल गं!" मग हसू थांबलं. "आणि पाठ थकली तर आमचं काय?"

म्हणून दुसऱ्या दिवशी, यादी झाल्यावर, माझी परीक्षा. जेजुरीचा गड पायऱ्यांचा. कोठीचा मागचा जिना बावीस पायऱ्यांचा. अठरा फेऱ्या चढल्या की जेजुरी भरते, असं कारभाऱ्यांनी ठरवलं. पाठीवर गव्हाचं पोतं, ताईसाहेबांच्या वजनाचं.

"एकदम ताईसाहेब कशाला? आधी पोतं चढू दे. पडलं तर पोतं पडेल."

पोतं पडेल. मी पडेन हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

चौकात खुर्च्या मांडल्या. चहा आला. सरदारांचे पुतणे, धाकटे सरकार, हातात वेताची छडी घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसले. ताईसाहेबांनाही खुर्चीवर आणून बसवलं. दाराशी माझे वडील, आबा. माझे आजोबा फौजेत होते, आबा कोठीचे दारवान. ते भिंतीकडे बघत होते.

पहिल्या चार फेऱ्या मी मोजल्या, पुढं कारभारी मोजत होते. सातव्या फेरीला डोळ्यांपुढे काळं आलं. पोतं बांधलेली सुतळी मानेत रुतली. नवव्या फेरीला मी खालच्या पायरीवर टेकले.

"अभी से?" धाकटे सरकार म्हणाले. "घोडी बसली रे!"

खुर्च्या हसल्या. छडी पोटऱ्यांवर बसली. एकदा. मी उठले. दहावी फेरी. अकरावी. प्रत्येक फेरीला छडी, थांबले नाही तरी. बाराव्या फेरीला पोटरी फाटली, रक्त टाचेपर्यंत आलं.

"पायरी खराब करू नकोस," कारभारी म्हणाले.

हे ऐकलं आणि डोकं लख्ख झालं.

मला वाचता येत होतं, हे कोठीत कुणाला माहीत नव्हतं. इंदरगंजच्या चौकात भिंतींवर पत्रकं लागायची. बाळू भिंतीपर्यंत जाऊ शकत नव्हता, म्हणून मी ओली पत्रकं सोलून, पदराखाली धरून त्याच्याकडे न्यायची. त्यावरच आम्ही दोघं अक्षरं शिकलो. कोपरे फाटलेले, अर्धी वाक्यं. एका फाटक्या पत्रकावर एवढंच उरलं होतं: "वेठ बंद. यापुढे कोणीही कोणाचा". पुढचा तुकडा भिंतीलाच राहिला. बाळू कितीदा विचारायचा, "अक्का, कोणाचा काय?"

त्या पायरीवर मला कळलं काय ते.

बारावी फेरी वर चढून मी वळले. वरच्या पायरीवर उभी राहिले. सुतळी सोडली. पोतं दोन्ही हातांनी पुढं लोटलं.

ते बावीस पायऱ्या आपटत गेलं. मध्येच फाटलं. धाकट्या सरकारांच्या गुडघ्यावर बसलं तेव्हा हाड वाजल्यासारखा आवाज आला. ते खुर्चीसकट उलटे पडले. चौकभर गहू.

मग मला मारलं. कारभाऱ्यांनी केस धरून खाली ओढलं, दोन गड्यांनी लाथा घातल्या. बरगडी मोडली, ती आजही थंडीत बोलते. आबा धावत आले. वाटलं, सोडवतील. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. "माफी माग! माफी माग गं पोरी!" ते रडत होते, मारत होते. मी दातांतलं रक्त गव्हावर थुंकले. माफी मागितली नाही.

ताईसाहेब खुर्चीवरून बघत होत्या. एकदम ओरडल्या, "मला कुणी विचारलंत का जायचंय का?"

मीही विचारलं नव्हतं. त्यांच्यासाठी विचारायचं काम माझं नव्हतं.

सगळे धाकट्या सरकारांना उचलण्यात गुंतले, तशी मी खोलीत आले. बाळूला पाठीवर घेतलं. बरगडी ओरडली, तरी घेतलं. नया बाज़ारात एका म्हाताऱ्या टांगेवाल्यानं घोडा थांबवला.

"अरी बिटिया, ये हाल किसने किया? कहाँ ले जा रही है इसे?"

बाळू म्हणाला, "किला."

रोज खिडकीतून दिसायचा तो किल्ला. टांगेवाल्यानं पायथ्याच्या दरवाज्याशी सोडलं. वर जाणारी रुंद, दगडी चढण होती. बाळूनं विचारलं, "चाचा, इथे सीढ्या का नाहीत?"

म्हातारा हसला. "हाथी चढ़ते थे, बेटा. हाथी सीढ़ी पे अड़ जाए तो? उसे कौन पीठ पे उठाएगा?"

मी तिथंच उभी राहिले. हत्तीसाठी डोंगर कापला. चढण केली. हत्तीला उचलणारी पाठ मिळत नाही म्हणून. कोठीत पायऱ्या, स्टेशनावर पायऱ्या, देवाच्या दारी पायऱ्या. ज्यांना दुसऱ्याची पाठ फुकट मिळते, ते पायऱ्याच बांधतात.

"अक्का, खाली ठेव," बाळू म्हणाला.

ठेवलं. तो हातांवर जोर देऊन, बूड सरकवत वर निघाला. एक हात. थांबला. आणखी एक हात. तळहात सोलले. दहा वर्षांत पहिल्यांदा तो स्वतः कुठंतरी चालला होता. मी मागून गेले. हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी आबा टांगेवाल्याच्या घरी, जिथं आम्ही थांबलो होतो, निरोप घेऊन आले. कोठीनं माफ केलंय. जेजुरीची तारीख पुढं ढकललीय. पाठ परत पाठवा.

आबांच्या डोळ्यांत बघून मी म्हटलं, "सांगा त्यांना, पाठ नाही. लेकीला न्यायचं असेल तर चढण बांधा. पुलाला बांधा, गडाला बांधा. हत्तीसाठी बांधली होती ना?"

"असं बोलतात का मालकांशी?"

"मालक कुणाचे, आबा?"

त्या दिवसापासून मी एकही पायरी कुणासाठी चढलेले नाही. जिथं माझ्या भावाला सरकत वर जाता येत नाही, त्या दारात मी आत पाऊल टाकत नाही. देवाचं असलं तरी. आणि कुठल्या दाराशी कुणाची पोर दुसऱ्याचं ओझं घेऊन उभी दिसली, तर मी तिच्यापाशी जाते. एवढंच सांगते: टाक ते खाली. पायऱ्यांवरून.