दारावरचा खड्डा

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! आमच्या जुन्या खोलीचं काढून टाकलेलं दार आणून मी त्याचं टेबल बनवत होते. बिजागऱ्या उखडल्या, गंजलेले खिळे ओढून काढले, बोटं सोलली तरी हात थांबेना. मग तो खड्डा दिसला. बाबा बाहेरून वरवंटा हाणायचे आणि आई नि मी आतून दाराला पाठ लावून बसायचो, तेव्हाचा. मी करवतच उचलली.

"हा तुकडा जाळूनच टाकते!"

आई म्हणाली, "अगं वेडे, दार तुटलं का तेव्हा? मग? तो खड्डा टेबलावर वरच राहू दे."

एवढा मार खाऊन ते आमच्याच बाजूने उभं होतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं!

आज आईने त्याच खड्ड्यात चहाचा कप ठेवला. जरासुद्धा हलला नाही. तुमच्याही घरात आहे का असं एखादं लाकूड?