वन्संच्या हातचा हलवा

हलव्याच्या डब्यात मुंग्या कधी शिरतात ते कुणाला दिसत नाही. झाकण घट्ट लावावं, डबा पाण्याच्या ताटलीत ठेवावा, आणि सकाळी उघडावा तर आत रांग लागलेली. आमच्या घरात किस्से असेच साठले. मुद्दाम जमवलेला एकही नाही. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितले नाहीत, कारण सांगण्याजोगे नव्हते. आता ज्यांचे आहेत त्या द्वारकावन्संच नाहीत, तेव्हा लपवू तरी कुणासाठी?

आमचं घर कल्याणचं. हे स्टेशनावर पार्सल ऑफिसात कारकून. मार्गशीर्षात थंडी पडायला लागली की आमच्या मागच्या खोलीत शेगडी पेटायची, आणि संक्रांतीपर्यंत हलव्याच्या दागिन्यांचं काम चालायचं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा नेसवून अंगभर घालतात ना, तोच साज. त्याला पैसे चांगले पडायचे. म्हणून दर वर्षी दारात एक तरी बाई उभी राहून म्हणायचीच, "अहो, साखरच ना ती? संध्याकाळी पोरं खाऊन टाकणार!"

मी हसून मान डोलवायची. मला उत्तर ठाऊक होतं, पण देता येत नव्हतं. कारण ठाण्या-कल्याणात ज्याला 'उमाबाईंचा हलवा' म्हणायचे, त्यातला एक दाणाही या उमाबाईच्या हातचा नव्हता. तो यांच्या थोरल्या बहिणीच्या, वन्संच्या हातचा होता. वन्सं चौदाव्या वर्षी विधवेचं लाल आलवण नेसून माहेरी परत आलेल्या. त्यांच्या हातचा स्वयंपाक गावातल्या सोवळ्या पंगतींना चालायचा. पण सवाष्णीच्या अंगावरचा साज बोडक्या बाईने केलाय असं बाहेर कळलं असतं, तर लोकांनी तो उकिरड्यावर टाकला असता आणि वन्संची शेगडी कायमची विझली असती. पैशाचं एक वेळ भागलं असतं. पण त्या दीड महिन्याच्या आशेवर वन्सं उरलेले साडेदहा महिने काढायच्या, हे मी बघत होते.

---

सुरुवात झाली ती माझ्याच पहिल्या संक्रांतीला. मी तेरा वर्षांची, शिऱ्यातल्या गुठळ्या मोडायचीही अक्कल नव्हती. माझ्यासाठी वन्संनी हौसेने साज केला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्याकडे बघायच्या सोडून दागिन्यांकडेच बघायला लागल्या. एकीने विचारलं, केला कुणी?

वन्सं दाराआड उभ्या होत्या. माझी नजर तिकडे गेली, आणि सासूबाईंनी ती बघितली. क्षणही न दवडता त्या म्हणाल्या, "आमची सूनच करते. माहेराहून शिकून आलीय." माझे कान तापले. त्याच बैठकीत दोघींनी पुढच्या वर्षाचं सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी वन्संना विचारलं, तुम्हाला राग नाही का आला? त्या परात घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राग कसला? आता आणखी दोन करता येतील."

---

हलवा कसा होतो ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, खाली मंद निखारे, वरून चमचा-चमचा पाक, आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. दोन-तीन दिवस असं पाजत राहिलं की दाण्यावर साखरेचा काटा उभा राहतो. थंडी कमी पडली तर काटा नाही, निखारा जास्त झाला तर काटा नाही, बोटं थांबली तर गोळा! वन्संच्या बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती.

मग ओवायचं काम. नथ, बाजूबंद, कंबरपट्टा, जोडवी, सगळं वन्सं ओवायच्या. मंगळसूत्राचे मणीही त्याच करायच्या. पण ते ओवायची वेळ आली की सुईदोरा गुपचूप माझ्याकडे सरकवायच्या. माझा हात तो असा! मी ओवलेलं मंगळसूत्र कायम एका बाजूला ओढलेलं, वाट्या एकमेकींवर चढलेल्या.

एकदा मी वैतागून म्हटलं, वन्सं, तुम्हीच ओवा की हेही. इथे बघतंय कोण?

"मी बघते ना," त्या म्हणाल्या. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

---

एका शास्त्र्यांच्या घरून साज सांगितला होता. त्या बाईंची एकच अट, साखर देशी हवी. बाहेरदेशीची पांढरी मोरस साखर हाडांनी साफ करतात म्हणून त्यांच्याकडे ती दाराच्या आतही येत नसे. आता देशी साखरेचा हलवा पिवळट होतो. वन्संनी हट्टच धरला. पाकात दूध घालून मळी काढली, एकदा, दोनदा, पाच वेळा काढली. हलवा झाला मोगऱ्यासारखा.

शास्त्रीणबाईंनी डबा उघडला आणि दोन पावलं मागे सरल्या. इतका पांढरा देशी साखरेचा होणंच शक्य नाही, म्हणाल्या. मोरस घालून तुम्ही आमचं घर बाटवायला निघालात का? मी आई-बापाच्या शपथा घेतल्या. मग त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर करून दाखवा." कशीबशी संक्रांत जवळ आल्याचं निमित्त सांगून मी सुटले. डबा परत आला तो आलाच.

पुढल्या वर्षी त्यांच्या धाकट्या सुनेचा साज होता, आणि दुसरं कुणी करणारं नव्हतं म्हणून तो पुन्हा आमच्याकडेच आला. वन्संनी मळी काढलीच नाही. हलवा झाला गुळाच्या रंगाचा. शास्त्रीणबाईंनी तो डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, हा खरा शुद्ध!

वन्सं त्या दिवशी तोंडाला पदर लावून किती तरी वेळ हसत होत्या. मला मात्र "करून दाखवा" एवढंच ऐकू येत होतं.

---

कोपरीच्या एका आगरी पाटलांची मिठागरं होती. नातवाच्या बोरन्हाणाला त्यांना शहरातल्यासारखा सगळा साज हवा होता, मुकुटापासून वाळ्यापर्यंत. नेमकं त्या वर्षी हवेने दगा दिला. चार दिवस झाले तरी दाण्याला काटा येईना. वन्सं परातीजवळून उठत नव्हत्या, जेवत नव्हत्या. मी बाहेर पाटलांना काय तोंड दाखवू या विचारात.

पाटील येऊन ओटीवर बसले. मी खरं ते सांगून टाकलं. वाटलं, आता आवाज चढणार. ते उठून खिडकीशी गेले, बोट ओलं करून वाऱ्यात धरलं, आणि म्हणाले, "बाय, खारीचा वारा आलाय. असा वारा लागला का आमचा मीठ पन रडतं. परातीजवलची खिरकी बंद करा."

आतल्या खोलीत खिडकी धाडकन लागली. मी बाहेर आणि खिडकी आत! पाटलांनी माझ्याकडे बघितलं, आतल्या दाराकडे बघितलं. मग मिशीवरून हात फिरवून ते गेले. सकाळी परातीत काटा उभा होता.

न्यायला आले तेव्हा पाटलांनी मुकुट तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला. "आमी मीठ पोत्यानं इकतो, तुमी साकर चिमटीनं इकता," म्हणाले. "शाना कोन?" आणि जाताना आतल्या दाराकडे बघून हात जोडले.

पुढे कळलं की नातवाने मुकुट डोक्यावर जायच्या आतच चाटून संपवला. मला वाटलं, आता हे गिऱ्हाईक गेलं. पण दुसऱ्या नातवाच्या वेळी पाटलांचा निरोप आला, "यंदा दोन मुकुट करा. येक घालायला, येक खायला."

---

शेवटी "करून दाखवा" आलंच. मार्गशीर्षात आमच्याकडच्याच हळदीकुंकवाला, आठ-दहा बायका जमलेल्या असताना. शेगडी पेटलेली होती, पाक तयार होता. एकजण म्हणाली, उमाबाई, एवढे पैसे घेता, तो काटा येतो कसा ते एकदा दाखवा तरी. बाकीच्या सरकून पुढे बसल्या.

नाही म्हणायची सोय नव्हती. मी शेगडी बाहेर आणली आणि परातीशी बसले. वन्सं आत होत्या. मी पाक सोडला आणि बोटं घातली. निखारे किती ठेवायचे हे मला कुठं माहीत! परात लाल व्हायची बाकी होती. चारी बोटं पोळली. मी ओरडले आणि परात उलटली.

बायका धावल्या. कुणी तूप आणलं, कुणी फुंकर घातली. जिने दाखवा म्हटलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, बाई, इतकं भाजतं का? आम्ही आपल्या उगाच घासाघीस करतो." त्या वर्षी कुणी भाव केला नाही.

सगळ्या गेल्यावर वन्संनी माझी बोटं मांडीवर घेतली आणि कापसाने तूप लावत बसल्या. मला रडू येत होतं, दुखत होतं म्हणून नव्हे. गेली सात वर्षं मी ज्या हातांचं श्रेय लाटत होते ते माझ्यासमोर होते.

"पहिल्यांदाच भाजलीस ना," त्या म्हणाल्या. "होईल सवय."

---

आता हा शेवटचा. ठाण्याच्या एका वकिलांच्या घरचा साज होता, पहिल्या सुनेचा, एकवीस दागिन्यांचा. इतका मोठा साज वन्संनी कधी केला नव्हता. तो न्यायला वकिलीणबाई स्वतः आगगाडीने कल्याणला उतरून दमणीने घरी आल्या, आणि बरोबर त्यांच्या सासूबाईंना घेऊन आल्या. म्हातारी आलवणातली, कमरेत वाकलेली, पण डोळे तल्लख.

मी काळ्या खणावर एकेक दागिना मांडला. वकिलीणबाईंनी ठरलेलंच पालुपद सुरू केलं, हे फार होतात हो, सोनाराकडे का आलोय आम्ही, दोन दिवसांत विरघळून जाणार. मी ठरल्याप्रमाणे हसत होते.

म्हातारी एकेक दागिना उचलून खिडकीच्या उजेडात धरत होती. कंबरपट्टा बघितला. बाजूबंद बघितले. नथ तर डोळ्यांपाशी नेऊन कितीतरी वेळ बघितली. मग मंगळसूत्र उचललं आणि थांबली. ते तिने नथीशेजारी ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"हे कुणी ओवलं?" तिने विचारलं.

मीच, मी म्हटलं. सगळंच मीच करते.

"सगळं?"

आतल्या खोलीत परात घासण्याचा आवाज चालू होता, तो बंद झाला. वकिलीणबाईंनी विचारलं, का हो सासूबाई, काही कमी आहे का? म्हातारी म्हणाली, "बाकी साज एका हातचा आहे, आणि हे एवढं दुसऱ्या."

वकिलीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्या कुणाच्या? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घरात इकडेतिकडे बघितलं. माझ्या मनात एकच विचार, संपलं. उद्या ठाण्यात, परवा कल्याणात, आणि तेरवा मागच्या खोलीतली शेगडी अडगळीत. मी काहीतरी खोटं सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात म्हातारीने सुनेला सांगितलं, "तू बाहेर जाऊन दमणीवाल्याला बघ. बैल हळू हाकायला सांग, साज नाजूक आहे. आणि पैसे सांगितलेत तेवढे देऊन टाक."

वकिलीणबाई काहीतरी बोलणार होत्या, पण सासूचं तोंड बघून गेल्या. म्हातारी भिंतीला धरून उठली आणि सरळ आतल्या दाराशी गेली. मी मागोमाग. आत वन्सं भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, हात आलवणात लपवलेले. म्हातारीने ते बघायला मागितले नाहीत. तिच्या मुठीत ते मंगळसूत्र होतं. तिने मूठ उघडली, तेव्हा मला तिच्या बोटांची गुळगुळीत टोकं दिसली.

"आमच्याकडेही मंगळसूत्र जाऊच ओवायची," ती वन्संना म्हणाली. "तिचंही असंच वाकडं यायचं."