उठलंय, गेलं न्हाई

अर्धा चहा टाकून गिऱ्हाईक उठलं, की भाऊ त्या कपावर बशी पालथी घालायचे. मग कुणी फडकं घेऊन टेबल पुसायला आलंच, तर त्याला हाताने अडवायचे आणि म्हणायचे, "थांब. उठलंय, गेलं न्हाई."

कार्ल्याच्या फाट्यावरच्या आमच्या हॉटेलात हे वाक्य दिवसभर ऐकू यायचं. आमच्या म्हणजे मालकांच्या. मी आपला गल्ल्यावर बसणारा आणि भाऊ वेटर. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या गाड्या आमच्या दारात दहा मिनिटं थांबायच्या. असं हॉटेल तुम्हीही पाहिलं असेल. आलेला माणूस पुन्हा दिसेलच याचा नेम नाही, म्हणून तिथे कुणी कुणाकडे नीट बघतही नाही.

भाऊ बघायचे. प्रत्येक गिऱ्हाईक खाण्यात कुठवर आलं होतं, ते त्यांच्या डोक्यात असायचं. कोण हात धुवायला गेलं, कोण गाडीत रडणाऱ्या पोराकडे गेलं, कुणाची विडी बाहेर चाललीय. त्यांच्यासाठी टेबलं अडून राहायची. उभ्या गिऱ्हाइकांना भाऊ त्या रिकाम्या खुर्च्यांची ओळख करून द्यायचे, जशी काही तिथे माणसं बसलीच आहेत.

"अरे, ती गाडी घाटात पोचली असेल!" मालक ओरडायचे.

"आसंल," भाऊ म्हणायचे, "पन मानूस जातो म्हनून गेला न्हाई."

एकदा कंडक्टरने घाई केली म्हणून एक गृहस्थ अर्धी मिसळ सोडून पळाले. संध्याकाळच्या परतीच्या गाडीने ते पुन्हा उतरले. भाऊंनी न विचारता त्यांच्यापुढे अर्धी भरलेली बशी ठेवली. "तुमचं अर्धं र्‍हायलं व्हतं सकाळी." गृहस्थांनी एकदा बशीकडे पाहिलं आणि ते खुर्ची ओढून खायला बसले. मालकांनी मात्र कपाळावर हात मारला. अर्धी मिसळ आमच्या दराच्या फळ्यावर लिहिलेलीच नव्हती.

पण माणसाचं इतकं लक्षात ठेवणं धंद्याला परवडत नाही, हे सिद्ध केलं एका कीर्तनकार बुवांनी. हे बुवा पुण्याकडे एकटे जाताना आमची कांदाभजी आवडीने खायचे. ते एका एकादशीला चार शिष्यांसह उतरले आणि त्यांनी फक्त पाणी मागितलं. भाऊंनी पाण्याबरोबर गरम भजी आणून ठेवली. "बुवा, तुमची न्हेमीची."

बुवांनी त्या भज्यांकडे अशा विरक्तीने पाहिलं, की तेवढ्याने एखादा मोक्षाला गेला असता. शिष्य बुवांकडे बघू लागले. भाऊंनी बशी उचलली आणि म्हणाले, "चुकलं जी, ह्ये पल्याडच्या टेबलाचं हाय." गाडी सुटताना मी पाहिलं, भाऊ तिच्या पलीकडच्या खिडकीशी उभे होते, आणि खिडकीतून आलेला एक हात त्यांच्याकडून कागदाची पुडी घेत होता. तरी बुवांनी पुढच्या खेपेला मालकांकडे तक्रार केलीच.

मालक लोणावळ्याला जाऊन पत्र्याचे बिल्ले करून घेऊन आले. प्रत्येकावर नंबर. गिऱ्हाइकाने गल्ल्यावर सांगायचं, बिल्ला घ्यायचा, तो स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायचा आणि आपली बशी आपणच उचलायची. भाऊंना खिडकीत उभं केलं. मालकांनी बजावून सांगितलं, "भाऊ, आता माणूस बघायचा नाही. बिल्ला बघायचा. लक्षात ठेवायचं तर नंबर लक्षात ठेव."

"व्हय," भाऊ म्हणाले.

भाऊ आज्ञाधारक होते. त्यांनी नंबर लक्षात ठेवले. पहिल्या दिवशी सात नंबरवाल्या म्हाताऱ्याने साखर कमी मागितली होती. त्यानंतर सातचा बिल्ला ज्याच्या हाती पडेल त्याला फिका चहा. बारा नंबरच्या बाईंना तिखट सोसत नव्हतं, म्हणून बाराला आलेला एक दणकट पैलवान रश्श्याऐवजी पांढरंशुभ्र दही बघून खिडकीवर हात आपटू लागला.

"बाराला तिखट सोसत न्हाई," भाऊ त्याला समजुतीने सांगत होते. "पोटात आग पडती."

हा भोळेपणा होता की इरसालपणा, ते मला आजवर कळलेलं नाही. भाऊंचा चेहरा त्या बाबतीत काही सांगत नसे. मालक मात्र लाल झाले आणि त्यांनी भाऊंना मागच्या नळावर, भांडी घासायला बसवलं.

भांडी घासण्याचं भाऊंना वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते हे, की तिथे माणूस दिसत नव्हता. खरकट्या बश्या हातात घेऊन ते मला विचारायचे, "ह्यो कोन व्हता? भाकरी का टाकली त्यानं? बरं न्हवतं का त्याला?" मी काय सांगणार? माझ्याकडे नुसता नंबर असायचा. त्या दिवसांत भाऊ आटत चाललेले मला दिसत होते आणि मला फार वाईट वाटायचं.

काही महिन्यांनी त्यांनी लोणावळ्याजवळ तुंगार्लीच्या एका बंगल्यावर राखणदारीचं काम धरलं. बंगल्याचे मालक मुंबईचे, वर्षातून एखाद-दोनदा येणारे. "बेस हाय," भाऊ मला म्हणाले. "एकच गिऱ्हाईक, आन तेबी सदा उठल्यालं."

जायच्या दिवशी मालकांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी भाऊंना हात धरून कोपऱ्यातल्या टेबलावर गिऱ्हाईक म्हणून बसवलं आणि मला चहा आणायला पाठवलं. आचाऱ्याने विचारलं, "कसा करू? साखर किती?"

मी मालकांकडे पाहिलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एकत्र काढली, पण भाऊ चहा कसा पितात ते आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. आणि ते समोर बसलेले असताना विचारायची आमची छाती होईना. शेवटी सगळ्यांसारखाच चहा नेऊन ठेवला. भाऊंनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, "चांगला हाय." तेवढ्यात लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. भाऊ गडबडीने उठले, वळकटी काखेत मारली आणि गाडीत चढले.

दुसरी गाडी येऊन लागली. माणसांचा लोंढा आत घुसला. एक जाडजूड गृहस्थ बिल्ला नाचवत कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले आणि खुर्ची ओढू लागले.

मालक गल्ल्याजवळून तरातरा तिकडे गेले. भाऊंच्या अर्ध्या कपावर त्यांनी स्वतःच्या हाताने बशी पालथी घातली आणि म्हणाले, "पलीकडं बसा, साहेब. इथं माणूस आहे."