उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फोडलेला रस्ता
सांगलीजवळचा आमचा रस्ता नवा झाला, त्या पावसाळ्यात अन्याय झाला तो गावाबाहेरच्या आमच्या बौद्ध वस्तीवर. रस्ता दारांपेक्षा उंच केला, पाणी जायला गावासमोर पाइप टाकले, आमच्यासमोर नाहीत, आणि एका पावसात पाणी चुलीत शिरलं. डांबराचा वास आला की अजून ते आठवतं. महामार्ग खात्यातून जिल्हा परिषदेत प्रतिनियुक्तीवर आलेले इंजिनिअर साहेब बूट न काढता त्या पाण्यात उतरले. म्हणाले, "रस्ता फोडा, पाइप टाका." ठेकेदार ओरडला, "आवं साहेब, उद्या उद्घाटन हाय!" "म्हणूनच आज फोडा." शेजारच्या आजी हसल्या, "ह्यो मानूस हितं लय टिकायचा न्हाई रं." खरंच, दिवाळीआधीच साहेबांना परत धाडलं. पाइप मात्र आजही वाहतोय. तुमच्या दारातला रस्ता उंच होतोय? मग डांबर पडायच्या आत बाहेर या आणि विचारा, आमचा पाइप कुठाय?