टोफूवालीचा खांदा
चीनमधल्या लशान शहराच्या एका गल्लीत लुओ शिउझेन चाळीस वर्षं सुया टोचून, अंग रगडून दुखणी बरी करत होती. शेजारची टोफूवाली बाओ तिला बाजारभर कसाई म्हणायची. एका सकाळी तीच बाओ आखडलेला खांदा घेऊन आली.

"जीभ दाखवा," शिउझेन म्हणाली.

"खांदा दुखतोय माझा."

"जीभ बघितल्याशिवाय मी सुई लावत नाही. आणि तुमची तर मला बघायचीच होती."

बाओनं रागानं जीभ काढली. मग नाडी बघून झाली, नऊ सुया लागल्या. शेवटी शिउझेननं कोपर रुतवून खांदा गरजेपेक्षा जरा जास्तच रगडला. बाओनं तिच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण हात डोक्यापर्यंत गेला.

"बरं वाटतंय?"

"तुला नाही सांगणार."

"मंगळवारी या. उपाशीपोटी येऊ नका."

मंगळवारी बाओ सगळ्यांच्या आधी येऊन बसली, भिंतीकडे तोंड करून.